कोल्हापुरात नव्यानं राहायला आलात? पहिलं वर्ष असं घालवा

आठ वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून कोल्हापूरला आलो. नवऱ्याची नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, मुलगी तेव्हा दुसरीत. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, तांबडा-पांढरा ही सगळी यादी दोन रविवारांत संपली. पुढचे तीन महिने शनिवार आला की आम्ही गाडी काढून पुण्याला जायचो, कारण सुट्टीच्या दिवशी इथं करायचं काय हेच कळत नव्हतं. एकदा शेजारच्या काकींनी विचारलं, "तुम्ही कोल्हापूर बघायलाय. ऱ्हायला कधी लागणार?"

तो प्रश्न मनात राहिला. इथली फुरसत ऋतूवर आणि पेठेवर चालते. कुठल्या महिन्यात काय असतं आणि कोणाबरोबर जायचं एवढं कळलं, की सुट्टी कशी घालवायची हा प्रश्नच उरत नाही. ते कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून क्रमानं लिहिते आहे.

आधी एवढं जवळ असू द्या

- नोंदणी केलेला भाडेकरार आणि आधार कार्ड, दोन्हींच्या चार-चार झेरॉक्स. वाचनालय, पोहण्याचा तलाव, गॅस, सगळीकडे पत्त्याचा पुरावा लागतो.
- पासपोर्ट आकाराचे फोटो. पोहायला जाणार असाल तर डॉक्टरांचा दाखलाही.
- दुचाकी, तिची पीयूसी आणि विमा. शहरात केएमटीची बस आहे, पण पहाटेच्या आणि रात्री उशिराच्या ठिकाणांना दुचाकीच बरी.
- चांगला रेनकोट. इथल्या पावसात वाऱ्यानं छत्री उलटते.
- मराठी तिथी असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. ललिता पंचमी, त्रिपुरी पौर्णिमा, चैत्र पौर्णिमा (जोतिबाची यात्रा) या तारखांवर आतापासूनच खूण करा.

१. घर बघताना नदी विचारा, मग पेठ विचारा

पंचगंगेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांत शहराचा मोठा भाग पाण्यात गेला होता. सुतारवाडा, जामदार क्लबचा परिसर, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा काही भाग इथं घर बघत असाल, तर घरमालकाला नव्हे, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा: "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो हातानं भिंतीवरची रेघ दाखवेल.

दुसरा मुद्दा पेठेचा. राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी इथं मोकळे रस्ते आहेत, पार्किंग आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथं गल्ल्या अरुंद आणि घरं जुनी, पण आयुष्य गल्लीत चालतं. तालीम, मंडळ, फुटबॉलचा संघ, गणपती, सगळं दाराशी. आम्ही आधी कॉलनीत राहिलो, मग मंगळवार पेठेत आलो. मुलगी महिन्याभरात सगळ्या गल्लीला नावानिशी ओळखू लागली. घरात लहान मूल असेल तर मी पेठच सुचवेन. झोप सावध असेल तर मात्र नको, कारण मिरवणुका वर्षभर असतात.

भाषेबद्दल एक सांगायला हवं. "मी येतो हं संध्याकाळी," असं पहिल्यांदा काकींच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी चमकले. इथल्या पुष्कळ बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. तुमच्या मुलीही असं बोलू लागतील. दुरुस्त करायला जाऊ नका.

२. एक सकाळ पक्की करा

ओळखी वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रोज त्याच वेळी त्याच जागी जाणं. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ, कणीस आणि गर्दी असते. सहा-साडेसहाच्या सकाळी तोच तलाव वेगळा असतो. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालायला लागलात की आठवड्याभरात तेच चेहरे ओळखीचे होतात, पंधरवड्यात कोणीतरी "काल दिसला नाही?" म्हणतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठाचं दगडी बांधकाम उघडं पडतं, ते जरूर बघा. पाण्यात मात्र उतरू नका.

झाडी हवी असेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर. पक्षी बघायचे असतील तर कळंबा तलावाचा काठ. पोहणाऱ्यांसाठी रंकाळ्याजवळचा महापालिकेचा अंबाई टँक आहे. उन्हाळी सुट्टीत तिथं झुंबड उडते, म्हणून नोंदणीची चौकशी मार्च उजाडायच्या आत करा.

३. काय खावं यापेक्षा कधी खावं ते शिका

नवी माणसं इथंच सगळ्यात जास्त फसतात. कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट, अशी समजूत घेऊन येतात आणि हायवेवरच्या लालभडक पाटीखाली जेवून जातात. घरचं किंवा जुन्या खाणावळीतलं मटण तिखट असतं, पण त्याची चव मसाल्याच्या भाजण्यात आणि अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असते. पांढरा रस्सा आधी वाटीत घेऊन प्यायचा. मटणाचं अळणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ एवढ्यातून ते जमतं. तो नुसता नारळाच्या दुधासारखा लागला, तर पुढच्या वेळी दुसरी खाणावळ शोधा. तांबड्यावर तवंग हवा, रंगाची पूड नको. रस्सा पुन्हा वाढून मागायला लाजू नका, तो वाढतातच. आणि कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर रविवारची दुपार राखून ठेवा, कारण जेवणानंतर तुम्हाला कोणी लगेच उठू देणार नाही.

मिसळ हा सकाळचा खेळ आहे. दुपारी दोनला शोधत गेलात तर पातेली घासलेली दिसतील. इथं रश्श्याला कट म्हणतात. बऱ्याच ठिकाणी मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात. पहिल्यांदा कट बाजूला वाटीत मागा आणि आपल्या बेतानं ओता. फडतरे, बावडा, खासबाग ही नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि ती चांगलीच आहेत, पण तुमच्या गल्लीत सकाळी सात वाजता शिडी लावून पाटी पुसणारा जो कोणी आहे, त्याच्याकडे महिनाभर खाऊन बघा. माझी आवडती मिसळ तशाच एका नाव नसलेल्या गाड्यावरची आहे.

दूध कट्टा हा प्रकार मी दुसऱ्या कुठल्याही शहरात पाहिलेला नाही. गंगावेशीत म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि समोर पिळलेलं फेसाळ दूध पेल्यात मिळतं. पैलवानांच्या शहराची ही सवय आहे. उभं राहून, गप्पा मारत, मिशीला फेस लावून पितात. धारोष्ण दूध न तापवलेलं असतं, हे मात्र ध्यानात ठेवा. लहान मुलं, गरोदर बाई, आजारातून उठलेलं माणूस यांना ते देऊ नका. त्यांच्यासाठी घरी आणून तापवा. पहिल्या दिवशी अर्ध्या पेल्यावर थांबा.

४. तालमीत आणि स्टेडियमवर जा, पण कोणाच्या तरी बरोबर

इथली तालीम म्हणजे व्यायामशाळा आणि गल्लीचं मंडळ, दोन्ही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमींत पहाटे लाल मातीच्या हौद्यात पोरं लढताना दिसतात. आत जायचं असेल तर आधी वस्तादांची परवानगी घ्या, चप्पल बाहेर काढा, फोटो विचारून काढा. काही तालमींत बायकांनी हौद्याजवळ जाण्याची पद्धत नाही. मी बाहेरून बघितलं. मैदानी कुस्ती बघायची असेल तर खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली ते उभं राहिलं. मधला हौदा खोलगट आणि भोवती चढत जाणारी बैठक असल्यामुळे शेवटच्या माणसालाही पकड दिसते. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, हे मुलांना त्या मैदानावर बसूनच सांगा.

कुस्तीचं गाव म्हणून आलेल्यांना फुटबॉलचं वेड चकित करतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर स्पर्धा चालतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे सगळे पेठांतल्या तालमी-मंडळांचे संघ आहेत, आणि सामना हा पेठेच्या अब्रूचा विषय असतो. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पहिला सामना शेजाऱ्याबरोबर बघा. कुठल्या संघाचे लोक कुठल्या बाजूला बसतात ते त्याला माहीत असतं. ईर्षेच्या सामन्यात कधी कधी हुल्लडबाजी होते. लहान मुलं बरोबर असतील तर अंतिम सामना टाळून सुरुवातीच्या फेरीला जा. खेळ तितकाच चुरशीचा असतो.

५. पहिला पावसाळा: आधी पाण्याची पातळी, मग बेत

जूनच्या अखेरीपासून सगळे जण एकच आकडा विचारतात, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे पाठ करा. ३९ च्या जवळ पाणी आलं की सहलीचे बेत रद्द करा आणि घरात चार दिवसांचं सामान भरा. नदीच्या घाटाकडे पूर बघायला जायची इथं पद्धत आहे. लांबून, बॅरिकेडच्या अलीकडून बघा.

पाणी बेतात असेल तेव्हा मात्र घरी बसू नका. गगनबावड्याचा रस्ता, तिथून खाली उतरणारे करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरी धरणाचे आपोआप उघडणारे सात दरवाजे, हे सगळं याच दिवसांतलं. निघण्याआधी घाट चालू आहे का ते बघा, दरडी कोसळतात. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर नदीचं नवं पाणी वाजतगाजत नेतात. बरोबरचं वाद्य 'पी ढबाक' असं वाजतं आणि यात्रेलाही तेच नाव पडलंय. गल्लीची मंडळी निघाली की त्यांच्यात सामील व्हा, कोणी आमंत्रणाची वाट बघत नाही.

जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची पदभ्रमंती असते. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज ज्या वाटेनं वेढ्यातून निसटले, त्याच वाटेनं, त्याच दिवसांत, दोन दिवस चालायचं. मी चौथ्या वर्षी गेले. आधी दोन महिने रोज चाला. पकड असलेले बूट, कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मीठ, टॉर्च, पायाला लावायला खोबरेल एवढं लागतंच. चिखल गुडघ्यापर्यंत असतो. नवीन बूट घालून जाऊ नका, माझ्या टाचांना पहिल्या संध्याकाळीच फोड आले होते.

पन्हाळा अवघ्या २० किलोमीटरवर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. एका दिवसात 'करायला' जाऊ नका. एकदा फक्त तीन दरवाजा आणि अंधारबाव, एकदा फक्त अंबारखाना आणि सज्जाकोठी, एकदा पुसाटी बुरूज, असं तोडून बघा आणि प्रत्येक वेळी झुणका-भाकर खा. सप्टेंबर-ऑक्टोबरात जवळच्या मसाई पठारावर फुलं येतात. फुलांत बसून फोटो काढू नका. पठारावर गाडी घालू नका.

६. देवीच्या तारखा धरून चाला

अंबाबाईच्या देवळात नव्या माणसानं रविवारी दुपारी जाऊ नये. तास-दोन तास रांगेत जातात. शुक्रवारी रात्री पालखी निघते, तेव्हा जा. नवरात्रात बाहेरगावची अफाट गर्दी असते आणि महाद्वार रोडला गाडी नेणं अशक्य होतं. ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीला जाते आणि तिथं कोहळा फोडण्याचा विधी होतो. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात शाही सीमोल्लंघन. छत्रपती घराण्यातली मंडळी येतात आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. चौकात चारच्या आत पोहोचा, मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग किंवा धुकं असेल तर किरणं अर्ध्या वाटेवरच विरतात. म्हणून एकाच दिवसावर विसंबू नका, तिन्ही दिवस मोकळे ठेवा. मी तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या दिवशी पाहिला. काही मिनिटांचं काम असतं आणि सगळं देऊळ त्या वेळात गप्प असतं.

७. वाचनालयाचं सभासदत्व घ्या, गाण्याच्या जागा माहीत करून घ्या

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून चालू आहे. पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत घेऊन जा. पुस्तकांइतकाच उपयोग तिथल्या फलकाचा होतो, शहरात कुठं काय व्याख्यान आहे ते तिथं कळतं. गाण्यासाठी खासबागेजवळचा गायन समाज देवल क्लब. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी याच गावात होते, त्यामुळे इथला श्रोता जाणता आहे. चित्रप्रदर्शनं, चित्रपट महोत्सव यांच्यासाठी दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन.

केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल लिहिताना अजून जड जातं. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी लोक तिथं उभं राहून रडत होते, त्यांत मीही होते. मुलीनं तिथंच पहिलं बालनाट्य पाहिलं होतं.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराची ही खूण. अर्धा तास पुरतो, पाहुणे आले की न्यायला उत्तम.

८. हिवाळा: गुऱ्हाळ, खिद्रापूर, दाजीपूर

ऊस तुटायला लागला की गुऱ्हाळं पेटतात. शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, गोड धुराचा वास आला की थांबा. चुलवाणावर मोठी काहील, तीत उकळणारा रस आणि गुळव्या फेसाकडे बघून सांगतो, आता उतरवा. आधी विचारा, मग आत जा. मुलांचा हात सोडू नका, काहील जमिनीलगत असते. जाताना बरणी न्या, काकवी मिळते. फार पिवळाधमक गूळ घेऊ नका. तांबूस, जरा काळपट असलेला घ्या.

त्रिपुरी पौर्णिमेला खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, वर गोल उघडं छत. त्या रात्री चंद्र त्या गोलावर येतो. जाता-येता नृसिंहवाडीला थांबा, बासुंदी आणि कवठाची बर्फी तिथलीच घ्या.

दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. उघडल्यावर जा, ओळखपत्र जवळ ठेवा, वनखात्याचा वाटाड्या घ्या. गवा शांत दिसतो, म्हणून जवळ जायचं नाही. कोकण हवं असेल तर आंबा घाटातून रत्नागिरी, पहाटे निघालं की रात्री घरी.

९. उन्हाळ्यात चटणी करा

एप्रिलमध्ये गच्च्यांवर मिरच्या लाल पसरलेल्या दिसल्या की समजा, चटणीचे दिवस आले. इथं वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, जोडीला धने, तीळ, खोबरं, खसखस, तळलेला कांदा, लसूण. देठं खुडायला गल्लीतल्या बायका एकत्र बसतात, तिथं जाऊन बसा. वर्षभराच्या सगळ्या बातम्या त्या दोन दुपारी कळतात. मग सगळं डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कांडून आणायचं. डंकावर नंबर लावावा लागतो, पहाटे जा. सुती रुमाल आणि जुने कपडे हवेत, मिरचीचा खाट उडतो. पहिल्या वर्षी दोन किलोच करा. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, तुमचं ठरायला दोन उन्हाळे लागतात.

कोल्हापुरी चप्पलही याच दिवसांत घ्या, म्हणजे पावसाच्या आत पायाला रुळते. चप्पल लाइनीत तीन-चार दुकानं फिरा, घालून दहा पावलं चाला, तळ आणि शिवण उलटी करून बघा. रात्री तेल लावून ठेवा. पाऊस लागला की कागदात गुंडाळून वर टाका.

चटणी बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा, दादरा बांधा. पहिली वाटी शेजारी द्या. वाटी रिकामी परत येणार नाही, तेव्हा त्यांच्या चटणीसाठी एक छोटी बरणी आधीच धुऊन ठेवा.